अरिष्टनेमि

जत्रेच्या रात्री रथ निघतो तेव्हा शेकडो डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. परंतु त्यांतला एकही डोळा चाकाकडे वळलेला आम्ही कधी पाहिला नाही. कोणी उत्सवमूर्तीच्या मुखावर पडलेला दिव्यांचा उजेड न्याहाळीत असतो, कोणी शिखरावरच्या पताकेकडे पाहत असतो, तर कोणी दोराला आपला हात लागतो की नाही या विवंचनेत असतो. सारा भार वाहणारी ती लाकडी चाके मात्र खाचखळग्यांतून मुकाट्याने फिरत असतात. ती फिरतात तोवर त्यांचे नाव कोणी घेत नाही; ती अडली म्हणजे मात्र ‘चाके कोणी पाहिली होती?’ असा एकच गलका उठतो. मनुष्याचा हा स्वभावच आहे. आम्ही तर मनुष्य आणि त्यात वकील. त्यामुळे दुसऱ्याचा दोष वेळेवर आणि स्वतःचा दोष उशिरा पाहण्याची सवय आम्हांला दुप्पट. आज सांगावयाची हकीकत अशाच एका उशिरा पाहिलेल्या चाकाची आहे.

अंत्रुज महालातील आमच्या घरी देवपूजेची फुले गेली तीस वर्षे एकाच हातून येत आली आहेत. आमच्या फुलकाराचे घर खाजन शेतांच्या पलीकडे. पहाटे अंगणातली अबोली, जाई, जास्वंद खुडायची, टोपलीत केळीच्या पानाखाली झाकायची, शेताचा लांबलचक मातीचा बांध ओलांडायचा, मग चढण चढून आधी देवळात आणि नंतर आमच्यासारख्या दहा-बारा घरी फुले पोचवावयाची, हा त्याचा नेम. पाऊस असो, सुतक असो, पाहुणे असोत. देवळातली टोपली चुकली नाही. आमच्या आईचा त्याच्याशी रोजचा संवाद दोन वाक्यांपलीकडे कधी गेला नसेल, परंतु शेवटच्या दुखण्यात ती एके दिवशी आम्हांला म्हणाली, “त्याचे गुडघे दुखतात. तो सांगायचा नाही. तू पाहा.” आईने आमच्यावर सोपविलेले हे शेवटचे काम.

आईच्या वर्षश्राद्धानंतर आम्ही त्याला विजेवर चालणारी एक सायकल दिली. बांधावरच्या चिखलात साधे अरुंद चाक रुतते म्हणून जाड टायरची. आणि चढणीवर गुडघ्यांना आधार हवा म्हणून मोटरची. हिचे टायर चार इंच रुंद असतात आणि मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी, तुंब्याच्या जागी, बसविलेली असते. साखळी पायांनी फिरवायची आणि मोटरने आतून हात द्यायचा, अशी ही सहकारी शेती. पहिल्या दिवशी त्याने सायकलीला हळदकुंकू लावले, हँडलला अबोलीचा वळेसर गुंडाळला आणि आमच्या घराकडे न पाहता, आईची खोली होती त्या खिडकीकडे पाहून हात जोडले. आम्हांला वाटले, काम झाले.

दीड वर्षाने एका खड्ड्यात आपटून मागच्या चाकाची रिम वाकली. आम्ही ते चाक मोटरीसकट शहरातल्या एका दुकानात नेले. दुकानदाराने प्रथम आमच्यापुढे एक मोह ठेवला. “साहेब, चाक सोडवतोच आहोत, तर हजार वॉटची मोटर टाकून देऊ का? गाडी उडेल!” येथे आमच्यातला वकील जागा झाला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ (यू) आम्हांला तोंडपाठ होता. मोटरीची अर्ध्या तासाची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी असावी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत राहावा, पायडल मारणे थांबले की मोटरही थांबावी. या आणि अशा अटी पाळल्या तरच ती सायकल कायद्याच्या दृष्टीने सायकल राहते. त्या ओलांडल्या की ती मोटार वाहन होते आणि मग नोंदणी, परवाना, विमा सारे मागे लागते. आमच्या फुलकाराजवळ परवाना कोठला? आम्ही दुकानदाराला पाच मिनिटे कायदा ऐकविला, मोह परतवून लावला आणि स्वतःवर प्रसन्न झालो.

मग त्याने दोन रिमा पुढे केल्या. एक रुंद, चकचकीत, वजनाला हलकी. तिला मधोमध मोठमोठ्या खिडक्या पाडलेल्या, आणि त्यांतून आतली लाल पट्टी दिसे; जणू जरीच्या काठातून डोकावणारे अस्तर. दुसरी काळी, ओबडधोबड, जड आणि दोन हजार रुपयांनी महाग. “हिला डबल वॉल म्हणतात,” तो म्हणाला. आम्ही विचारले, “पहिली चालणार नाही का?” तो म्हणाला, “चालेल की! तारा जाड टाकतो. बारा गेजच्या. मग काय बिशाद आहे?” जाड तारा हा शब्द आमच्या कानांना गोड लागला. जाड ते बळकट, ही समजूत आमच्याही डोक्यात पिढीजात आहे. शेवटी रिम म्हणजे काय, तर एक कडे. कड्यासाठी दोन हजार रुपये? आम्ही पहिली रिम घेतली आणि वाचलेल्या पैशांतून सायकलीला एक चांगली घंटा आणि फुलांच्या टोपलीसाठी पितळी कड्यांचा पट्टा घेतला. दिसणाऱ्या वस्तूंवर केलेला खर्च माणसाला खर्च वाटत नाही.

पुढच्या श्रावणात, एका सोमवारी सकाळी, बांधावरून सडकेला लागताना ते चाक मोडले. आम्ही पोचलो तेव्हा सायकल आडवी पडली होती आणि मागचे चाक भाजलेल्या पापडासारखे मुरगळले होते. आमचा फुलकार कडेच्या चिऱ्यावर बसला होता. डावा हात उजव्या हाताने छातीशी धरलेला. त्याचे गळ्यापाशी खांद्याला जोडणारे हाड मोडले होते हे पुढे कळले. टोपली मात्र तेथे नव्हती. शाळेला जाणाऱ्या एका पोराच्या डोक्यावर देऊन त्याने ती आधीच देवळाकडे धाडली होती. आम्हांला पाहताच त्याने विचारले, “फुलां देवळांत पावलीं न्हय?” पावली असे आम्ही सांगितले, तेव्हा तो हसला आणि आमच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, “वकीलबाब, चाक मोडलें, हांव मोडूंक ना.”

या वाक्यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. न्यायालयात निरुत्तर होण्याचे प्रसंग आमच्यावर येतात. परंतु तेथे निदान पुढची तारीख मागता येते.

त्या रात्री आम्ही स्वतःवरच खटला भरला. कायद्याच्या विद्यार्थ्याला चाकाचा एक खटला हटकून शिकविला जातो. १९१६ साली न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी त्याचा निकाल दिला. मॅक्‌फर्सन नावाच्या गृहस्थाने ब्यूक कंपनीची मोटार एका विक्रेत्याकडून घेतली होती. त्या मोटारीच्या एका चाकाचे आरे सदोष लाकडाचे होते. ते मोडले, गाडी कोसळली आणि मॅक्‌फर्सन बाहेर फेकला जाऊन जखमी झाला. कंपनीचा बचाव असा, की चाक आम्ही केलेलेच नाही, ते दुसऱ्या कारखानदाराकडून घेतले; शिवाय या गृहस्थाशी आमचा करार नाही, करार विक्रेत्याशी. न्यायालयाने हा बचाव मानला नाही. नीट तपासणी केली असती तर दोष उघड झाला असता, आणि ती तपासणी केली गेली नाही. चाकावर ज्याचा जीव अवलंबून राहणार हे ठाऊक असताना तपासणीचे कर्तव्य करारावाचूनही तुमच्यावर येते, असे ठरले. विद्यार्थिदशेत हा निकाल आम्ही पाठ केला, परीक्षेत लिहिला, गुण मिळविले. वीस वर्षांनी एक चाक प्रत्यक्ष हाती आले, तेव्हा तो आम्हांला आठवला नाही.

आमच्या देशात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूबद्दल उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा अशा तिघांची जबाबदारी सांगितली आहे. आम्ही कलमे पुन्हा चाळली. त्यांत ‘दाता’ कोठे नाही. दान देणाऱ्याने दोन हजार रुपये वाचविले तर त्याला कोणत्या कलमाखाली उभे करावे, हे कायदा सांगत नाही. दुकानदारावर दावा लावण्याचा विचार क्षणभर मनात आला. परंतु दोन रिमा त्याने आमच्यापुढे ठेवल्या होत्या आणि निवड आम्ही केली होती. आरोपी आम्ही, साक्षीदार आम्ही, न्यायाधीशही आम्हीच. आणि ज्याचे हाड मोडले तो फिर्याद द्यावयास तयार नाही! अशा खटल्यातून सुटका होणे सर्वांत कठीण. डॉक्टरांचा खर्च आम्ही केला, हाड जुळेपर्यंत त्याच्या घरी दरमहा पैसे पोचते केले. तरी आईच्या खिडकीखालून जाताना मान वर होईना.

चवथ आली. घरात अथर्वशीर्षाची आवर्तने सुरू होती. त्याच्या शांतिपाठात ‘अरिष्टनेमि’ हा शब्द येतो हे वाचकांस सांगावयास नको. लहानपणी आम्हांला हा शब्द मोठा विचित्र वाटे. अरिष्ट म्हणजे संकट, हे मराठीतून ठाऊक. आणि ‘नेमि’ म्हणजे ‘नेहमी’च्या घरातले काहीतरी असावे, असा आमचा तर्क. तेव्हा देवापुढे बसून नेहमीचे संकट कशाला मागायचे, हे कोडे कधी सुटले नव्हते. त्या दिवशी ते पुरोहितांना सहज विचारले. ते हसून म्हणाले, “वेदात रिष्ट म्हणजे दुखावलेले, मोडलेले, अरिष्ट म्हणजे न मोडलेले. आणि नेमि म्हणजे चाकाचे बाहेरचे कडे. ज्याच्या चाकाची नेमि अभंग आहे, त्याने आमचे कल्याण करावे, असे ते मागणे.” आमच्या हातातली दूर्वा हातातच राहिली. मध्यभागाला नाभि, काड्यांना अर आणि भोवतालच्या कड्याला नेमि अशी तीन स्वतंत्र नावे ज्या काळच्या लोकांनी चाकाला दिली, त्यांनी आशीर्वाद मागताना नेमिच निवडली. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातला तो मंत्र. आणि आम्ही? आम्ही घंटा निवडली.

दुसऱ्या दिवशी मोडके चाक घेऊन आम्ही देवळाच्या रथाची डागडुजी करणाऱ्या मेस्ताकडे गेलो. हा वृद्ध सुतार शाळा फारसा शिकलेला नाही. परंतु चाक म्हणजे काय हे त्याला बोटांनी कळते. त्याने मोडलेली रिम उलटसुलट केली, सुटलेल्या तारा हलवून पाहिल्या आणि प्रथम एकच गोष्ट सांगितली : “लांकूड दाबून धरता, तार ओडून धरता.” या सहा शब्दांत चाकाचे अर्धे शास्त्र आहे, हे आम्हांला नंतर उमगले. रथाच्या किंवा बैलगाडीच्या चाकात तुंबा खालच्या आऱ्यावर उभा असतो. आरा खांबासारखा भार पेलतो. म्हणून तेथे आरा जितका जाड तितका बरा. सायकलीच्या तारेला असे उभे राहता येत नाही. तिला दाबली की ती वाकते. तिचे बळ ताणात. चांगल्या चाकात एकेका तारेवर सुमारे शंभर किलो वजनाइतका ताण दिलेला असतो. चाकावर भार आला, की जमिनीलगतच्या तारांचा ताण थोडा उतरतो आणि त्या उतरण्यातूनच भार पेलला जातो. अमेरिकेतील जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हे हिशेबाने समजावून दिले आहे. ताण मुळातच पुरेसा नसेल तर खालची तार प्रत्येक फेऱ्याला पार सैल पडते, तिची निपल हळूहळू उलगडते, आणि वारंवार ताणून-सैलावून तार मोटरीच्या कडेशी असलेल्या वळणावर तुटते. एक तुटली की शेजारणीवर भार. ती तुटली की तिच्या शेजारणीवर.

आता आमच्या ‘जाड तारां’ची गंमत पाहा. साधी चौदा गेजची तार दोन मिलिमीटर जाडीची असते. बारा गेजची सुमारे २.६ मिलिमीटरची. छेदाचे क्षेत्रफळ जवळजवळ १.७ पट. तितकीच लांबून ती ताठ राहावी असे वाटत असेल तर तिला ताणही १.७ पट दिला पाहिजे. तो ताण कोणी सोसायचा? रिमेने. छत्तीस तारा सगळीकडून आत ओढीत असताना गोलाकार टिकवून धरावयाचा तो तिनेच. आमच्या पातळ, खिडक्या पाडलेल्या रिमेची ती ताकद नव्हती. म्हणून कारागिराने तारा थोड्या सैल ठेवल्या असाव्यात. आणि जाड तार थोडीशीच लांबलेली असल्यामुळे खड्ड्यात रिम जराशी दबताच ती पार ढिली पडे. रिमेला निपलच्या छिद्रांपाशी केसासारख्या चिरा गेलेल्या आम्हांला मेस्ताने दाखविल्या. दुबळ्या राजाला बलाढ्य सरदार मिळावेत, तशी त्या चाकाची स्थिती झाली होती.

मग आम्ही रिमेचा अभ्यास आरंभिला. जाड टायरच्या सायकलीची कथाच मुळी रिमेपासून सुरू होते. अलास्कातील बर्फावर सायकली हाकणाऱ्या हौशी लोकांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दोन रिमा शेजारी शेजारी जोडून पाहिल्या, मग मुद्दाम रुंद रिमा केल्या. कारण रुंद बैठक असल्यावाचून रुंद टायर उभा राहीना. २००५ साली सर्ली या अमेरिकन कंपनीची पग्स्ली नावाची सांगाडा-चौकट, तिच्यासाठीची रुंद रिम आणि जाड टायर बाजारात आले आणि अशी सायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली. परंतु ती बर्फासारख्या मऊ वाटेसाठी होती. तेथे वजन वाचवावे म्हणून रिमेला खिडक्या पाडणे शहाणपणाचे होते. तीच खिडक्यांची रिम मोटरीच्या चाकात, पाठीवर टोपल्यांचा भार घेऊन, चिऱ्यांच्या सडकेवर आली म्हणजे शहाणपणाची मूर्खता होते.

या अभ्यासातून आम्हांला जे कळले ते थोडक्यात सांगतो. कोणाच्या तरी हाडाच्या उपयोगी पडेल. पहिली गोष्ट ही, की रुंदीला फसू नये. रुंदी टायरला बैठक देते. खड्ड्यात आपटल्यावर रिम वाकू न देणारे बळ मुख्यतः तिच्या उंचीतून येते. तुळई आडवी ठेवण्यापेक्षा उभी ठेवली तर अधिक भार पेलते, हे घर बांधणाऱ्याला ठाऊक असतेच. चार इंची टायरला ६५ ते ८० मिलिमीटर रुंदीची रिम पुरते. त्याहून रुंद घेऊन वजन वाढविण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट, एकेरी पत्र्यापेक्षा दुहेरी भिंतीची रिम. आत पोकळ पेटी असलेली ही रिम पिळवटली जात नाही. उघडी पन्हळ हाताने पिळता येते, बंद नळी पिळता येत नाही, हा फरक. तिसरी, खिडक्या नसाव्यात. निदान निपलच्या छिद्रांजवळ तरी भरपूर धातू असावा. चौथी, रिमेचा सांधा पाहावा. केवळ खुंटी ठोकून जोडलेल्यापेक्षा वितळवून जोडलेला सांधा भाराला अधिक भरवशाचा. पाचवी, छिद्रांची संख्या मोटरीच्या कडेच्या छिद्रांशी जुळली पाहिजे. आमच्या मोटरीला छत्तीस होती.

सहावी गोष्ट मोटरवाल्या चाकाचीच आहे आणि ती दुकानदारही क्वचितच सांगतात. साध्या सायकलीचा तुंबा मुठीएवढा. मोटरीचा घेर थाळीएवढा. त्यामुळे तारा आखूड होतात आणि रिमेत सरळ न शिरता तिरक्या शिरतात. साध्या चाकासारख्या एकमेकींवरून तीन तीन वेळा ओलांडीत नेल्या तर निपलपाशी त्यांना बाक येतो आणि तेथेच त्या तुटतात. म्हणून मोटरीच्या चाकात तार एकदाच ओलांडून न्यावी, आणि रिमेची छिद्रे मोटरीच्या कडांकडे झुकवून, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस दोन रांगांत पाडलेली असावीत. तारा चौदा गेजच्या, किंवा टोकाला तेरा गेज आणि अंगाने चौदा गेज अशा उतरत्या असल्या तर उत्तम. त्या ताणल्यावर पुरेशा लांबतात आणि खड्ड्यातही तंग राहतात.

आणि शेवटची गोष्ट हवेची. आमचा फुलकार टायर दगडासारखा टणक भरी. मऊ टायर त्याला अपमानास्पद वाटे. परंतु तितक्याच हवेत रुंद टायर अरुंद टायरपेक्षा रिमेच्या काठांना अधिक जोराने बाहेर ओढतो. शिवाय हवा भरली की तारांचा ताणही थोडा उतरतो. सडकेवर वीस पौंडांच्या आसपास हवा या टायरला पुष्कळ झाली. बांधाच्या चिखलात त्याहूनही कमी. अगदीच कमी ठेवली मात्र टायर चेपून दगड थेट रिमेला भेटतो. मध्यम मार्ग येथेही आहेच.

अशी काळी, ओबडधोबड रिम शोधून आम्ही ती फोंड्यातील एका जुन्या सायकल कारागिराकडे नेली. त्याने दोन दिवस चाक बांधले. आऊट काढताना तो दर थोड्या वेळाने तारा बोटाने छेडून ऐके. एका बाजूच्या सगळ्या तारांचा स्वर एक आला पाहिजे, असे तो म्हणाला; दुसऱ्या बाजूच्या तारांचा स्वर वेगळा असू शकतो, परंतु आपसांत मात्र तोही एक हवा. आमच्या गावी सोमवारच्या भजनापूर्वी तंबोरा लावणारे आजोबा आम्हांला आठवले. तेही असेच मान तिरकी करून, डोळे मिटून, एकेका तारेची चौकशी करीत. शेवटी त्याने समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून दाबल्या, त्या कुरकुरल्या, त्याने पुन्हा स्वर पाहिला. “दीडशे किलोमीटर चालवा आणि परत आणा. तारा बसतात. नंतर पुन्हा कसायला हव्यात,” असे त्याने बजाविले. पूर्वीच्या दुकानात हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. आणि खरे म्हणजे, आम्ही विचारलेही नव्हते.

हे दीडशे किलोमीटर कोणी चालवावेत? खटल्याचा निकाल येथे लागला. आम्ही मागच्या कॅरियरवर तीस किलो तांदळाचे पोते बांधले आणि रोज पहाटे, पक्षकार उठण्यापूर्वी, त्याच बांधावरून, त्याच चढणीने ती सायकल स्वतः चालविली. पांढरी विजार वर दुमडलेली, डोक्यावर कानटोपी, मागे तांदळाचे पोते! एका परिचिताने देवळापाशी विचारलेच, “वकिली सोडून दुकान काढले की काय?” आम्ही म्हटले, “तपासणी चालू आहे.” चौथ्या-पाचव्या दिवशी त्या वळणावर आलो, जेथे बांध सडकेला मिळतो आणि चिऱ्याची एक पायरी आहे. ती पायरी उतरताना पोटात गोळा आला. आमच्या फुलकाराने ती पायरी आम्ही बसविलेल्या त्या चाकावर सहा महिने रोज उतरली होती. आणि आम्ही त्या सहा महिन्यांत एकदाही चाकाकडे पाहिले नव्हते.

दीडशे किलोमीटर पुरे झाले, तारा पुन्हा कसून झाल्या आणि कार्तिकात सायकल घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. हाड जुळले होते. तो पुन्हा पायी फुले नेऊ लागला होता. सायकल पाहून त्याची पत्नी आत निघून गेली. तिचे ते आत जाणे हा आमच्याविरुद्धचा एकमेव पुरावा कोणी दिलेला. आम्ही त्याला सारे सांगितले. दोन रिमा, दोन हजार रुपये, घंटा, सारे. वकिलाला कबुलीजबाब ऐकावयाची सवय असते, द्यावयाची नसते. वाक्ये जुळत नव्हती. तो ऐकत राहिला. मग खाली बसून त्याने मागच्या चाकावरून हात फिरविला. नव्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. तारा छेडून ऐकायच्या कशा, हे आम्ही त्याला दाखविले. एक तार, दुसरी, तिसरी. त्याला ते फार आवडले.

आता तो रोज पहाटे टोपली बांधण्यापूर्वी तारा छेडतो. आमच्या फाटकापाशी फुले द्यावयास थांबला की आम्ही बाहेर येतो. पूर्वी येत नसू, आई येत असे. त्याची पत्नी अद्याप आमच्याशी बोलत नाही, आणि आम्हीही ते मागत नाही. मागच्या सोमवारी पाऊस नुकताच उघडला होता. त्याने अबोलीची पुडी आमच्या हाती दिली, वाकून चाकाची एक तार वाजविली, कान दिला आणि म्हणाला, “आयज सूर बरो आसा.” मग आईच्या खिडकीकडे पाहून तो चढणीला लागला. आम्ही प्रथमच, तो दिसेनासा होईपर्यंत, त्याच्याकडे न पाहता चाकाकडे पाहत उभे राहिलो.